चारशे रुपयांचा काटा आणि तुपाची धार

ऑनलाइन ‘एसएफ-४००’ शोधलं की एकाच साच्यातून काढल्यासारखे स्वयंपाकघरातले ढीगभर वजनकाटे दिसतात. पांढरं प्लास्टिक, वर गोल तबक, समोर बटणं, पोटात दोन पेन्सिल सेल. नाव कुठलंही असो, किंमत साडेतीनशे-चारशेच्या आसपास. वजन उतरवायचंय पण वरणभातावरचं तूप आणि दिवाळीचा फराळ सोडायचा नाही, अशांनी प्रोटीन पावडरीच्या डब्याआधी हा घ्यावा.

याची सगळ्यात कामाची खुबी खोक्यावर छापलेली नसते. तुपाचं भांडं काट्यावर ठेवा, ‘टेअर’ दाबून शून्य करा आणि चमच्याने तूप काढून थेट भातावर घाला. पडद्यावर उणे ८ आलं की ८ ग्रॅम तूप, म्हणजे ७० कॅलरी. वेगळी वाटी खरकटी होत नाही. अंदाजाने सोडलेली धार सहज १५ ग्रॅमवर जाते; दोन्ही वेळा तशी घेतली तर २७० कॅलरी, म्हणजे तीनेक फुलके. लोणी, दाण्याची चटणी, गूळ, सगळ्यांना हीच युक्ती लागू पडते.

तळणीचाही हिशेब लागतो. कढईत ओतण्याआधी तेल मोजा, तळून झाल्यावर पूर्ण गार होऊ द्या आणि पुन्हा मोजा. समजा २० पुऱ्यांत ७० ग्रॅम तेल कमी झालं, तर पुरीमागे साडेतीन ग्रॅम, जेमतेम ३० कॅलरी. तेल नीट तापायच्या आत पुऱ्या सोडल्या की हाच आकडा वाढतो. गरम कढई मात्र काट्यावर ठेवू नका. प्लास्टिक वाकतं आणि आतला सेन्सर भरकटतो.

सर्वात जास्त घोळ भातात होतो. कॅलरीच्या तक्त्यातला १०० ग्रॅमला साधारण ३५० कॅलरी हा आकडा कच्च्या तांदळाचा असतो. ५० ग्रॅम तांदळाचा भात शिजून १४० ग्रॅमच्या आसपास भरतो. तो ताटात मोजून कच्च्याच्या आकड्याने गुणलं की १७५ च्या जागी ४९० कॅलरी येतात, आणि माणूस घाबरून भातच बंद करतो. घरच्यांसाठी एकत्र कुकर लावत असाल तर कच्चा तांदूळ मोजा, शिजल्यावर भांड्यासकट भात मोजा, भांड्याचं वजन वजा करा आणि आपला वाटा काढा. आपल्याकडे भांड्यांवर नावं कोरायची पद्धत आहेच. बुडाला रिकाम्या भांड्याचं वजनही मार्करने लिहून ठेवा.

आता दोष. शून्याजवळचा बारीक फरक हा काटा चूक समजून गिळून टाकतो. टेअर करून कढईत तेल थेंबथेंब सोडलं तर चार-पाच ग्रॅम पडूनही पडदा शून्यच दाखवतो. म्हणून तेल एका दमात ओता, तूपही एकाच चमच्यात काढा. काट्याखाली फडकं नको, ओटा कोरडा आणि सपाट हवा. सेल उतरले की आकडे नाचतात. चुकून ‘युनिट’ दाबलं गेलं तर औंस सुरू होतात, तेव्हा आकड्याशेजारचं अक्षर बघत जा. खातरजमा घरच्या घरी होते. रुपयाचं चिन्ह असलेलं १० चं नाणं साधारण ७.७ ग्रॅमचं असतं, दहा नाण्यांचे ७७ भरायला हवेत. अर्ध्या लिटर दुधाची पिशवी ५१५ च्या थोडी वर जाते. यात दोन-तीन ग्रॅमचा फरक चालेल, वीसचा चालणार नाही.

फराळाला काटा उपयोगी आहे, पण डोकंही लागतं. चिवड्यात दाणे, डाळं आणि खोबरं तळाशी बसतं. वरचे ३० ग्रॅम आणि डब्याच्या तळाचे ३० ग्रॅम सारखे नसतात, त्यामुळे डबा हलवूनच काढा. किती खायचं ते आधी ठरवा, ताटलीत मोजून घ्या, डबा बंद करा आणि मग चवीने खा. खाऊन झाल्यावर मोजणं म्हणजे नुसती पश्चात्तापाची नोंद. आणि काकडी, पालक, पातळ ताक मोजायच्या फंदात पडू नका. आठवड्यात कंटाळा येतो आणि काटा माळ्यावर जातो. तेल, तूप, साखर-गूळ, दाणे आणि तांदूळ एवढं पुरे. दुसऱ्याचं ताट, विशेषतः वाढत्या मुलांचं, तर मोजूच नये. ज्यांना आकड्यांमुळे जेवणाचीच भीती बसते, त्यांच्या घरात हा काटा नसलेला बरा.

मोठी ताटली ठेवली की पडदा झाकला जातो, ही याची सर्वात वैतागवाणी खोड. तबकावर जड बुडाची वाटी पालथी घाला, शून्य करा आणि ताटली तिच्यावर ठेवा. आकडा दिसतो.