गेंड्या भुंग्यासाठी फेरोमोन ट्रॅप: घ्या, पण आधी गायरी (शेणखताचा खड्डा) उपसा

माड असलेल्या सगळ्यांसाठी लिहितोय, गेंड्या भुंगा म्हणजे माडाचा कोंब पोखरणारा मोठा काळा किडा. फोंड्याकडे आमचं कुळागर (माडा-पोफळीची बाग) आहे, तिथे यंदा पावसाच्या तोंडावर बादलीवाला फेरोमोन ट्रॅप, म्हणजे किड्याच्याच वासाचा सापळा, लावला आणि आता पूर्ण पावसाळा बघून सांगतो, वस्तू कामाची आहे. प्लास्टिकची बादली, वर एकमेकींना छेद देत उभ्या बसवलेल्या दोन पट्ट्या आणि त्यात टांगलेली ल्युरची (वासाच्या आमिषाची) पुडी, बस एवढंच. रात्री भुंगा वासावर उडत येतो, पट्टीवर आपटतो आणि खाली पाण्यात पडतो.

वास नराचा असतो, एथिल ४-मिथाइलऑक्टॅनोएट, पण त्यावर नर-मादी दोघंही येतात आणि माद्या जास्त, हाच खरा फायदा कारण अंडी घालणारीच पकडली जाते. सकाळी बादलीत बघायचं, डोक्यावर लांब मागे वळलेलं शिंग असेल तर बहुतेक नर, शिंग आखूड आणि पोटाच्या टोकाला तांबूस केसांचा झुपका असेल तर नक्की मादी. जिवंत असेल तर हातात धरल्यावर चीं चीं आवाज करतो, एवढा मोठा काळा चकचकीत प्राणी, मला तरी बघत बसावंसं वाटतं. शिंग नरांच्या आपसातल्या मारामारीसाठी, माडाला भोक पाडतो तो जबड्याने. कोवळा सुरळीतला कोंब पोखरतो आणि तीच झावळी उलगडली की कात्रीने कापल्यासारखे त्रिकोणी काप दिसतात. त्याच भोकातून मग सोंड्या, म्हणजे माडाचा दुसरा लाल भुंगा, शिरतो आणि तो माड मारूही शकतो.

पण नुसत्या ट्रॅपवर विसंबू नका. या भुंग्याची अळी सहसा जिवंत माडाला हात लावत नाही, ती शेणखतात नाहीतर कुजलेल्या माडाच्या खोडात तीन-चार महिने जाडजूड पांढरी वाढत असते, त्यामुळे गायरी उपसून अळ्या वेचल्या नाहीत तर बादली कितीही भरली तरी नवे येतच राहणार. आम्ही खतात मेटारायझियम बुरशी पण मिसळली, ती अळीला मारते आणि मेलेली अळी वरून हिरवी पडते. हा किडा हलक्यात घेऊ नका, १९०९ साली रबराच्या रोपांबरोबर श्रीलंकेतून सामोआला पोचला आणि तिथल्या माडांची वाट लावली, २००७ मध्ये ग्वाममध्ये सापडला आणि तिथेही तेच.

तक्रार एकच, विकणाऱ्याने कुठे टांगायचं ते नीट सांगितलंच नाही. लहान कवाथ्यांजवळ (माडाच्या रोपांजवळ) अजिबात नको, वासाने भुंगे तिथेच जमतात आणि सगळे काही बादलीत पडत नाहीत. बागेच्या कडेला लावा, हेक्टरी एक पुरतो. आपल्याकडच्या पावसात बादली भरून वाहते म्हणून बाजूला वरच्या अंगाला बारीक भोकं पाडून घ्या. आणि ल्युर काही महिन्यांनी संपते, ती सुटी मिळते का ते विचारूनच बादली घ्या.