एजंट की थेट मालक?

सोलापुरात भाड्याचं घर एजंटमार्फत घ्यावं की थेट मालकाकडून? बाहेरगावाहून बदलीवर आलेल्याला एजंट सोयीचा, जुळे सोलापूर, विजापूर रोड, होटगी रोड तो एका दुपारी फिरवतो. पण बेजबाबदार एजंट गाठ पडला की मनस्तापच. फोटो एका फ्लॅटचा, दाखवतो दुसराच. वेळ देऊन फोन बंद. घर दाखवण्याआधीच टोकन मागतो. टोकन द्यायचंच तर घर पाहून, मालकाच्या खात्यावर. आणि दलाली किती, हे आधीच मेसेजवर लिहून घ्या.

थेट मालक गाठायचा तर ‘भाड्याने देणे आहे’च्या पाट्या वाचत गल्ल्या पालथ्या घालाव्या लागतात. वेळ जातो, पण नळाला किती दिवसांआड पाणी येतं, हौद केवढा, हे तिथंच कळतं. शेजारच्या काकू तर मालकापेक्षा खरं सांगतात! सोलापुरात पाण्याचा प्रश्न भाड्याइतकाच महत्त्वाचा.

करार मात्र दोन्हीकडे नोंदणीकृतच हवा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ नुसार ती जबाबदारी मालकाची आहे. ‘नोटरी केली की झालं’ म्हणणाऱ्या एजंटचं अजिबात ऐकू नका. हाताशी आठवडाभर असेल, तर मी थेट मालकच शोधेन.