स्टॅड की ईटॅब्स? लोड टाकण्याच्या नजरेतून

ठाण्यात स्वतःचं छोटं स्ट्रक्चरल ऑफिस सुरू करणारे हमखास विचारतात, लायसन्स कशाचं घेऊ, स्टॅड प्रो की ईटॅब्स? इमारतीच्या सांगाड्याचं गणित करणारी ही दोन सॉफ्टवेअर, आणि ॲनालिसिस दोन्ही नीट करतात. साधी फ्रेम नि तोच लोड, म्हणजे भार, दिला तर उत्तरं जुळतात. फरक पडतो तो लोड टाकताना, आणि त्याहून जास्त आर्किटेक्टने चौथ्यांदा प्लॅन बदलल्यावर जुना लोड शोधून काढताना. म्हणून मी निवड तिथूनच करायला सांगतो.

घोडबंदर रोडचा तीस मजली टॉवर घ्या. ईटॅब्सची मांडणीच मजल्यांवर आहे. टिपिकल मजले ‘सिमिलर’ ठेवले की एकावर टाकलेला लोड सगळ्यांवर जातो. लिफ्टच्या जागी ओपनिंग काढलं की तिथे लोड पडत नाही. मला सगळ्यात उपयोगी वाटतात ते लोड सेट. बेडरूम, पॅसेज, टॉयलेट असे सेट करायचे नि स्लॅबला लावायचे. टॉयलेटच्या ३०० मि.मी. संक (खाली घेतलेल्या) स्लॅबमध्ये ब्रिकबॅट कोबा (विटांच्या तुकड्यांचा भराव) भरायचा तर घनमीटरला २० किलोन्यूटन धरून चौरस मीटरला ६ येतात. उद्या संक १५० मि.मी.चा झाला की सेटमध्ये ६ चे ३ करायचे, तीसही मजले दुरुस्त.

स्टॅडमध्ये स्लॅब न काढताच फ्लोअर लोड देता येतो. उंचीची रेंज सांगितली की बीमने बंद झालेल्या प्रत्येक पॅनेलवर तो पडतो. हे झटपट होतं, पण लिफ्ट आणि डक्टही बंद पॅनेलच असतात. नौपाड्यातल्या एका सोसायटीच्या पुनर्विकासात मी हीच चूक केली होती. रिॲक्शनची (पायाशी आधारांवर येणाऱ्या भाराची) बेरीज हाताच्या हिशेबापेक्षा जास्त आली, तेव्हा लक्षात आलं की डक्टवरही लाइव्ह लोड (माणसं-सामानाचा भार) बसलाय. तेव्हापासून स्टॅडमध्ये मी फ्लोअर ग्रुप करूनच लोड देतो.

भिंती दोन्हीकडे आपल्यालाच बीमवर टाकाव्या लागतात. २.४ मीटर उंचीची २३० मि.मी. विटांची भिंत, दोन्ही बाजूंचं प्लास्टर धरून, मीटरला साधारण १२.५ किलोन्यूटन. तीच १५० मि.मी. सिपोरेक्सची (हलक्या ब्लॉकची) केली तर ४ च्या आसपास. एवढी तफावत असताना जुना लोड चुकून मॉडेलमध्ये राहिला तर बीम आणि फाउंडेशन दोन्ही चुकतात. ईटॅब्समध्ये लोड देताना ‘ॲड’ की ‘रिप्लेस’ ते निवडावं लागतं. घाईत ‘ॲड’ राहिलं की विटा आणि सिपोरेक्स दोन्ही एकाच बीमवर. स्टॅडमध्ये नवी ओळ लिहिली की ती जुन्या ओळीत मिळवलीच जाते, मात्र सगळी फाइल साध्या मजकुरात असल्याने बीमचा नंबर शोधून दोन्ही ओळी समोरासमोर बघता येतात. या एका बाबतीत स्टॅड मला जास्त प्रामाणिक वाटतं. काहीही वापरा, पण भिंतींचा लोड केस वेगळाच ठेवा, फ्लोअर फिनिशमध्ये मिसळू नका.

भूकंपाचं वजन, म्हणजे भूकंपाचा जोर काढताना धरायचं इमारतीचं वजन, हे सगळ्यात नाजूक प्रकरण. आयएस १८९३:२०१६ नुसार ठाणे झोन ३ मध्ये, झेड (झोनचा गुणांक) ०.१६. लाइव्ह लोड ३ किलोन्यूटन प्रति चौ.मी.पर्यंत असेल तर त्याचा २५ टक्के भाग धरायचा, त्याहून जास्त असेल तर ५० टक्के. ईटॅब्समध्ये हे मास सोर्समध्ये एकदाच सांगायचं असतं. तिथे ‘एलिमेंट सेल्फ मास’वर टिक ठेवून वर डेड लोडही घेतला तर स्वतःचं वजन दोनदा मोजलं जातं आणि बेस शिअर (तळाशी येणारा भूकंपाचा आडवा जोर) फुगतो. स्टॅडच्या जुन्या पद्धतीत हे वजन भूकंपाच्या व्याख्येत पुन्हा लिहावं लागतं, म्हणजे भिंत बदलली की दोन जागी बदल. रेफरन्स लोड (एकदाच लिहून दोन्ही जागी वापरायचे लोड) वापरले तर ही दुहेरी मेहनत वाचते. अनेक जण अजून वापरत नाहीत, याचं वाईट वाटतं.

कॉम्बिनेशनमध्ये, म्हणजे वेगवेगळे लोड एकत्र धरताना, स्टॅडवाल्यांनी एक गोष्ट कायम लक्षात ठेवावी. ‘लोड कॉम्बिनेशन’ फक्त तयार उत्तरांची बेरीज करतं. पी-डेल्टा (इमारत झुकल्यावर उभ्या भाराने वाढणारा परिणाम) हवा असेल तर ‘रिपीट लोड’च घ्यावा लागतो.

आता तळोजा, रबाळे, महापे इथली कारखान्यांची कामं. तिथे पाइप रॅक, शेड, मशीनचे प्लॅटफॉर्म. मजला असा काही नसतो. उतरत्या छपरावर ४४ मीटर प्रति सेकंद मूळ वेगाने काढलेला वारा, पाइपांचे वाकडेतिकडे पॉइंट लोड, क्रेनचा फिरता लोड. इथे स्टॅड निर्विवाद सोपं आहे. माझ्या अनुभवात कारखान्याकडचा तपासणीसही बहुतेकदा स्टॅडचीच फाइल मागतो. ईटॅब्समध्येही शेड होते, पण मजल्यांची चौकट सांभाळत बसावं लागतं.

हातातली पुढच्या वर्षाची कामं मोजा. निम्म्याहून जास्त टॉवर असतील तर आधी ईटॅब्स, एमआयडीसीची असतील तर आधी स्टॅड. सात-आठ मजली पुनर्विकास दोन्हीत होतो. त्यासाठी मी ईटॅब्स घेईन, कारण सोसायटीच्या कामात प्लॅन सगळ्यात जास्त वेळा बदलतो. आणि पहिलं मॉडेल झालं की एका मजल्याचं वजन कागदावर काढा, मजल्यांनी गुणा, रिॲक्शनच्या बेरजेशी लावून बघा. पाच टक्क्यांहून जास्त फरक आला तर डिझाइनला हात लावू नका, आधी लोड शोधा.