झाडीपट्टीच्या हंगामात स्क्रायबस १.६ : मराठी मजकुराच्या जुळणीबाबत वापरानंतरचा अनुभव

गडचिरोली जिल्ह्यातील वडसा (देसाईगंज) परिसरात डीटीपीचे, म्हणजे संगणकावर छपाईची पाने जुळवण्याचे, काम करणाऱ्यांचा खरा धंदा दिवाळीनंतर सुरू होतो. मंडईच्या (गावजत्रेच्या) निमित्ताने गावोगावी झाडीपट्टीची, म्हणजे पूर्व विदर्भातील लोकरंगभूमीची, नाटके लागतात, आणि प्रत्येक प्रयोगाला पत्रक, पोस्टर व तिकिटे लागतात. या कामांसाठी, आणि उरलेल्या दिवसांत धान व्यापाऱ्यांची बिलबुके व लग्नपत्रिका करण्यासाठी, मी स्क्रायबस १.६ हे पानजुळणीचे मोफत सॉफ्टवेअर पूर्ण हंगामभर वापरले. रंग, चित्रे किंवा छपाईचा वेग यांविषयी येथे लिहीत नाही. मराठी मजकूर चौकटीत सरळ बसतो का, आणि बसत नसेल तर दोष कोठे शोधावा, एवढाच विषय आहे.

सर्वप्रथम आवृत्तीविषयी. स्क्रायबसच्या १.४ मालिकेत देवनागरी जोडाक्षरे नीट जुळत नसत. २०१७ मध्ये आलेल्या १.५.३ या विकास-आवृत्तीपासून अक्षरजुळणीसाठी हार्फबझ ही प्रणाली वापरली जाऊ लागली आणि जानेवारी २०२४ मध्ये १.६ ही स्थिर आवृत्ती आली. त्यामुळे कोणी जुन्या आवृत्तीवरून मत बनवले असेल, तर ते आता लागू पडत नाही. मात्र जुन्या आवृत्तीतील फाइल नव्या आवृत्तीत उघडल्यास ओळींची मोडणी बदलू शकते, म्हणून मागच्या वर्षीचे पत्रक उघडून फक्त तारीख बदलण्याची सवय येथे धोक्याची ठरते.

आता मुख्य अडचण. पोस्टरवर कलावंतांची नावे शेजारशेजारच्या दोन चौकटींत लावली, चौकटींच्या वरच्या कडा अगदी एका रेषेत ठेवल्या, तरी शिरोरेषा खालीवर दिसतात. एका चौकटीची पहिली ओळ ‘राम’ने सुरू होते आणि दुसरीची ‘कीर्ती’ने, एवढ्यानेच हा फरक पडतो. मजकुराच्या गुणधर्मांत ‘फर्स्ट लाइन ऑफसेट’ नावाची निवड आहे. ती ‘मॅक्सिमम असेंट’वर असेल, तर पहिल्या ओळीतील सर्वांत उंच अक्षरावरून ओळीची जागा ठरते, आणि वेलांटी व रफार असलेल्या ओळीची शिरोरेषा साहजिकच खाली ढकलली जाते. इंग्रजीत अक्षरांच्या उंचीतला फरक थोडा असल्याने ही गोष्ट सहसा डोळ्यांत भरत नाही, पण मराठीत मोठ्या आकाराच्या मथळ्यात ती रस्त्यावरूनही दिसते. ही निवड ‘लाइन स्पेसिंग’वर ठेवली आणि दोन्ही चौकटींत ओळींचे अंतर सारखे दिले की शिरोरेषा एका रेषेत येतात. ‘फाँट असेंट’नेही, म्हणजे फाँटमध्ये नोंदलेल्या उंचीवरून जागा ठरवूनही, काम होते, मात्र दोन्हीकडे फाँट आणि आकार एकच हवा.

दुसरी बाब ओळींमधील अंतराची. हे अंतर ‘ऑटोमॅटिक’ ठेवले तर ते फाँटच्या आत नोंदलेल्या उंचीवरून ठरते, आणि ही नोंद प्रत्येक फाँटमध्ये वेगळी असते. नोटो सान्स देवनागरी, ‘मुक्त’ आणि मंगल हे फाँट एकाच आकारात शेजारी लावून पाहावेत, म्हणजे फरक लगेच कळतो. परिच्छेदाच्या मध्येच दुसऱ्या फाँटमधला एखादा शब्द आला की तेवढी एक ओळ दूर सरकते. रुपयाचे चिन्ह हे याचे नेहमीचे उदाहरण आहे. ते २०१० साली स्वीकारले गेले, त्यामुळे त्याआधीच्या फाँटमध्ये ते नसते, मग ते दुसऱ्या फाँटमधून घ्यावे लागते आणि तिकिटावरील दराची ओळच बिघडते. उपाय सोपा आहे: अंतर ‘फिक्स्ड’ करावे आणि अनेक रकाने असतील तर बेसलाइन ग्रिडला (पानभर समान अंतरावर असलेल्या मार्गदर्शक रेषांना) बांधावे. माझ्या मते मराठी कामासाठी ‘ऑटोमॅटिक’ कधीच वापरू नये.

चौकटीच्या उभ्या मध्यावर मजकूर आणण्याची सोय आहे, पण तिच्यावर डोळे मिटून विसंबता येत नाही. फाँटने मात्रांसाठी वर आणि उकारांसाठी खाली राखलेली जागा हिशेबात धरली जाते, त्यामुळे वर मात्रा नसलेला शब्द मोजमापाने मध्यावर असूनही नजरेला खाली वाटतो. अशा वेळी मी ‘बेसलाइन ऑफसेट’ (अक्षरे ओळीच्या मूळ रेषेपासून वरखाली सरकवण्याचे माप) थोडा बदलून नजरेनेच जागा ठरवतो.

मथळा ताणण्यासाठी अक्षरांमधील अंतर वाढवू नये, कारण शिरोरेषा तुटते. दोन्ही कडांना जुळवलेल्या (जस्टिफाय केलेल्या) अरुंद रकान्यातही तोच मोह होतो. तेथे डावीकडून जुळवलेला मजकूर बरा दिसतो, आणि ग्राहकाला तो खटकत असेल तर रकाना रुंद करावा.

सर्वाधिक वेळ मात्र जुन्या, युनिकोडपूर्व फाँटमध्ये टाइप केलेल्या मजकुराने खाल्ला. त्या फाँटमध्ये वेलांटी, काना, रफार ही सुटी चिन्हे इंग्रजी अक्षरांच्या जागी बसवलेली असतात आणि ती शेजारच्या अक्षरावर केवळ रुंदीच्या हिशेबाने येऊन बसतात. अक्षरांमधील अंतर किंचित बदलले की रफार भलत्याच अक्षरावर जातो. युनिकोड फाँटमध्ये मात्रा कोणत्या बिंदूवर बसावी हे फाँटमध्येच नोंदलेले असते आणि हार्फबझ ती नोंद वाचते. नाटक कंपन्या जुन्या फाँटमधील मजकूर पाठवतात तेव्हा आधी तो युनिकोडमध्ये बदलून घ्यावा, नंतरच चौकटीत टाकावा. बदलताना ‘ऱ्य’ आणि ‘ष्ट्र’ हमखास बिघडतात, तेवढे शब्द डोळ्यांखालून घालावेत.

धानाच्या बिलबुकात आकड्यांचे रकाने असतात. अनेक देवनागरी फाँटमध्ये १ आणि ९ यांची रुंदी सारखी नसते, म्हणून मोकळ्या जागा टाकून आकडे जुळवण्यात अर्थ नाही. नगांसाठी उजवा टॅब आणि क्विंटलच्या वजनासाठी दशांश बिंदूवर जुळणारा टॅब वापरला की रकाना सरळ राहतो. येथे स्क्रायबसविषयी तक्रार करण्यासारखे काही आढळले नाही.

तक्रारी आहेत त्या अन्यत्र. महत्त्वाच्या निवडी गुणधर्मांच्या खिडकीत इतक्या आत आहेत की नव्या माणसाला त्या सापडत नाहीत. मोठा मजकूर थेट चौकटीत टाइप करणे कंटाळवाणे आहे, त्यामुळे मी तो बाहेर लिहून आत आणतो. फाइल दुसऱ्या संगणकावर उघडताना फाँट नसेल तर बदली फाँट विचारला जातो. तो घाईने स्वीकारला तर वर सांगितलेली सगळी मापे एकदम बदलतात. म्हणून नागपूरच्या छापखान्याला मी फक्त पीडीएफ देतो, फाँट त्यातच समाविष्ट करतो, आणि पोस्टरच्या मथळ्यांसाठी निर्यात करताना अक्षरांचे आकृतीत रूपांतर करून घेतो. अशा पीडीएफमध्ये नंतर शुद्धलेखन दुरुस्त करता येत नाही, त्यामुळे कलावंतांची नावे कंपनीकडून आधीच तपासून घ्यावीत.