‘काकू, सगळं सेट करून देतो’

निवृत्तीनंतर पेन्शनचे कागद, आईच्या जुन्या फोटोंचे स्कॅन आणि थोडंफार टायपिंग एवढ्यासाठी मला छोटा लॅपटॉप हवा होता. कोल्हापुरात राजारामपुरीतल्या एका दुकानातून चौदा इंची घेतला, ३४,००० रुपयांना.

काउंटरवरचा मुलगा गोडबोल्या. “काकू, तुम्ही कशाला डोकं लावताय? सगळं सेट करून देतो. घरी जायचं आणि वापरायचं.” माझ्यासाठी चहा सांगितला, खोका फोडला, काहीबाही टाइप केलं आणि एक पिन सांगून लॅपटॉप हातात दिला. सोबत एक चिठ्ठी: सेटअप १,५००, ऑफिस टाकल्याचे २,२००. पक्क्या बिलात यातलं काहीच नव्हतं. पस्तीस वर्षं वर्गात पोरांना “शंका विचारा” म्हणत आले आणि स्वतः मुकाट्याने पैसे मोजले. खोक्यावरच ‘ऑफिस होम’ छापलेलं होतं, म्हणजे ते किमतीतच आलेलं होतं, हे रद्दी काढताना दिसलं.

तरी एवढ्यावर भागलं असतं तर मी लिहायला बसले नसते.

सात महिन्यांनी एका अपडेटनंतर लॅपटॉप सुरूच होईना. निळा पडदा, आणि त्यावर ४८ आकडी ‘रिकव्हरी की’ची मागणी. दुकानात नेला. मालक म्हणाले, “डिस्क लॉक झालीये. फॉरमॅट फुकट करून देतो, पण डेटा हवा असेल तर ४,५०० होतील.” आईचे फोटो त्यातच. दिले पैसे. मला वाटलं, आता लॅपटॉप दोन दिवस ठेवून घेतील, कसलं तरी मशीन लावतील. ते मोबाईल घेऊन आत गेले आणि कागदावर सहा-सहा आकड्यांचे आठ गट लिहून आणले. दहा मिनिटांत लॅपटॉप उघडला!

हे आकडे कुठून आले, ते दिवाळीला भाचा आला तेव्हा कळलं. विंडोज ११ पहिल्यांदा सुरू करताना मायक्रोसॉफ्टचं खातं मागतं. त्या खात्याने आत गेलं की बऱ्याच लॅपटॉपमध्ये डिस्कला आपोआप कुलूप बसतं आणि त्याची किल्ली त्याच खात्यात जमा होते. काउंटरवरच्या मुलाने खातं घातलं होतं दुकानाचं. म्हणजे माझ्याच घराची किल्ली मला ४,५०० ला विकली.

पुढचं ऐकून मात्र पोटात गोळा आला. वनड्राइव्ह, म्हणजे फाइल्सची प्रत इंटरनेटवर ठेवणारी मायक्रोसॉफ्टची सोय, तीही त्याच खात्याला जोडलेली होती. डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्समध्ये मी जे जे ठेवलं, आधार, पासबुकाचं पहिलं पान, पेन्शनचा आदेश, ते सगळं सात महिने दुकानाच्या खात्यात जात होतं.

भाच्याने आधी फोटो पेन ड्राइव्हवर घेतले. माझ्या नावाचं नवीन खातं उघडून दुकानाचं उडवलं. मग सेटिंग्जमधलं ‘डिव्हाइस एन्क्रिप्शन’, म्हणजे डिस्कचं ते कुलूप, बंद करून पुन्हा चालू केलं, त्यामुळे किल्ली नवीन झाली. तिचे ४८ आकडे आता पासबुकाच्या पाकिटात कागदावर आहेत. दुकानातून ‘सेट’ करून आणलेला लॅपटॉप तुमच्याकडे असेल, तर आजच सेटिंग्जमध्ये ‘अकाउंट्स’ उघडा आणि वर कोणाचा ईमेल दिसतो ते बघा. नवा घेणार असाल तर खोका सीलबंदच घरी आणा. पहिल्यांदा सुरू करायला अर्धा-पाऊण तास लागतो, शेजारचं कॉलेजातलं पोरही बसून करून देईल. अँटिव्हायरसही लगेच विकत घेऊ नका, विंडोजमध्ये एक असतोच.

ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर, तक्रार नोंदवली आहे. पुरावा म्हणून हाताशी ती चिठ्ठी आणि आकड्यांचा कागद, दोन्ही बिनसहीचे. मालक फोनवर म्हणाले, “मॅडम, तुमच्या फाइल्स डिलीट केल्यात.” केल्या असतील. मला ते बघता येत नाही, कारण त्या खात्याचा पासवर्ड त्यांच्याकडे आहे.