बालवाडीत लेखन: वर्गातली फिरती केंद्रं की घरी व्हिडिओ?

दोन्ही पद्धतींत पडदा आणि पाटी एकत्र येतात. फरक पडद्याच्या जागेचा.

फिरत्या केंद्रांत वीस मुलांचे चार गट. एक टॅबवर अक्षर गिरवतो, दुसरा परातीतल्या रव्यात, तिसरा पाटीवर, चौथा बाईंजवळ. दहा मिनिटांनी जागा बदल. टॅबची काच गुळगुळीत, त्यामुळे दाब किती द्यायचा ते हाताला कळत नाही. तळवा टेकला की रेघ तुटते. म्हणून टॅबनंतर लगेच पाटी हवीच. पावसाळ्यात रवा ओला होतो, मुंग्या येतात. तेव्हा कोरडी वाळू बरी.

घरच्या पद्धतीत बाई अक्षर काढून दाखवतात, त्याचा दोन मिनिटांचा व्हिडिओ पालकांच्या व्हॉट्सॲपवर. सेल्फी कॅमेऱ्याने काढू नका, काही फोनमध्ये ‘ग’ उलटा दिसतो. मागचा कॅमेरा वरून धरा, शिरोरेघ शेवटी. गोव्यात जून-जुलैत वीज गेली की वायफायही जातं, त्यामुळे व्हिडिओ आधीच उतरवून ठेवायला सांगा. पण पेन्सिलीची पकड कोण पाहणार? पालकांनी पाठवलेला वहीचा फोटो फक्त अक्षर दाखवतो, बोटं नाही.

टॅब एकच असला तरी आमचा कौल केंद्रांनाच. व्हिडिओ शनिवार-रविवारच्या उजळणीपुरता ठेवावा.