ओपनसीक्रेट्स रिव्ह्यू : खासदारकी संपल्यावर साहेब कुठे गेले ते शोधायचंय? मग ही साइट

पाचपैकी चार स्टार. जो एक कापलाय तो साइटचा दोष म्हणून नाही, अमेरिकन कायद्याचा म्हणून कापलाय, पण वापरणाऱ्याला शेवटी फटका तोच बसतो म्हणून कापलाच.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, ओपनसीक्रेट्स ही वॉशिंग्टनमधली ना-नफा संस्था आहे, 1983 मधे फ्रँक चर्च आणि ह्यू स्कॉट या दोन माजी सिनेटरांनी (एक डेमोक्रॅट, एक रिपब्लिकन, आज अशी जोडी जमणं अवघडच) सुरू केलेली, तेव्हा नाव वेगळं होतं. निवडणुकीचा पैसा, देणग्या, लॉबिंगचा (म्हणजे सरकारकडून आपल्याला हवं ते करून घ्यायच्या खटपटीचा) खर्च सगळं एका जागी आणून ठेवतात. सगळं बघायला फुकट. मी इथे फक्त ‘रिव्हॉल्व्हिंग डोअर’ या सेक्शनबद्दल लिहितोय, म्हणजे आज कायदा करणारा माणूस उद्या त्याच कायद्यात बदल करून घ्यायला कंपनीच्या पगारावर कसा जातो ते जिथे दिसतं तो भाग.

माणसाचं नाव टाका किंवा फर्मचं नाव टाका, आधी कुठल्या ऑफिसात होता, नंतर कुठल्या फर्ममधे गेला ते समोर येतं. काँग्रेसमधून, म्हणजे अमेरिकेच्या संसदेतून, बाहेर पडलेल्या सदस्यांची यादी पण आहे आणि माझ्या मते खरा माल तिथेच आहे. एक उदाहरण घ्या, बिली टॉझिन. हाउसच्या (तिथलं खालचं सभागृह) एनर्जी अँड कॉमर्स कमिटीचे चेअरमन असताना 2003 चा मेडिकेअरचा (ज्येष्ठांसाठीचा सरकारी आरोग्य विमा) औषधांचा कायदा पुढे रेटण्यात पुढे होते, त्या कायद्यात एक कलम असं की सरकारने औषध कंपन्यांशी किमतीबद्दल घासाघीस करायचीच नाही. 2005 च्या जानेवारीत खासदारकी संपली आणि साहेब थेट फार्मा, म्हणजे औषध कंपन्यांच्या संघटनेचे प्रमुख! ती घासाघीस करायची मुभा सरकारला मिळायला 2022 चा कायदा यावा लागला आणि ठरवलेल्या पहिल्या दहा औषधांच्या किमती लागू व्हायला 2026 उजाडलं. आता बोला.

दुसरं माझं आवडतं प्रकरण रिपब्लिकन सिनेटर ट्रेंट लॉट यांचं. 2007 मधे कायदा कडक झाला, सिनेटरांना पद सोडल्यावर सिनेटमधे लॉबिंग करायला एक वर्षाऐवजी दोन वर्षं बंदी, पण ती 2007 संपल्यानंतर जे बाहेर पडतील त्यांनाच. लॉट 2006 मधे सहा वर्षांसाठी निवडून आले होते, म्हणजे पाच वर्षं हातात शिल्लक, तरी 18 डिसेंबर 2007 ला राजीनामा. तेरा दिवस राखून! 2008 मधे लुईझियानाचे माजी डेमोक्रॅट सिनेटर जॉन ब्रो यांच्याबरोबर स्वतःची लॉबिंग फर्म, 2010 मधे ती पॅटन बॉग्ज या मोठ्या फर्मने विकत घेतली. पक्ष वगैरे सगळं सभागृहात, धंद्यात भागीदारी. दोन्हीकडची दारं उघडतात ना मग, क्लायंटला अजून काय पाहिजे.

आता खासदाराचा पगार वर्षाला 1,74,000 डॉलर, 2009 पासून तेवढाच आहे, तेव्हा बाहेर जास्त मिळतात म्हणून जातात हे कळतं, पण कंपनी एवढे का देते? ओळखीला का ज्ञानाला? याच्यावर 2012 मधे अमेरिकन इकॉनॉमिक रिव्ह्यूत एक पेपर आला होता, सिनेटरच्या स्टाफमधून लॉबिंगमधे गेलेल्या लोकांचा जुना साहेब पद सोडून गेला की त्यांची कमाई साधारण 24 टक्के पडते असं निघालं. म्हणजे डोक्यातलं ज्ञान तेच, माणूस तोच, फक्त फोन उचलणारा गेला. हे वाचून मग साइटवर परत या, प्रत्येक प्रोफाइल वेगळं दिसायला लागतं.

आता तो कापलेला स्टार. साइटवर जे येतं ते मुळात कंपन्या आणि फर्म दर तिमाहीला जे फॉर्म भरतात त्यातून येतं, 1995 च्या लॉबिंग डिस्क्लोजर ॲक्टखाली. आणि त्या कायद्यात लॉबिस्ट कोण? एका क्लायंटसाठी एकापेक्षा जास्त वेळा सरकारी माणसाशी संपर्क केला पाहिजे आणि तीन महिन्यांत त्या क्लायंटच्या कामातला किमान 20 टक्के वेळ लॉबिंगमधे गेला पाहिजे. 19 टक्के असेल तर तुम्ही लॉबिस्ट नाही, ‘स्ट्रॅटेजिक ॲडव्हायझर’. वेळ कोण मोजतं? स्वतःच.

टॉम डॅशल हे याचं फेमस उदाहरण, सिनेटमधे डेमोक्रॅट्सचे नेते, 2004 ला हरले, मग एका मोठ्या लॉ फर्ममधे धोरण सल्लागार. 2009 मधे ओबामांनी आरोग्यमंत्री करायला घेतलं तेव्हा थकलेल्या टॅक्समुळे नाव मागे घ्यावं लागलं, आणि त्या गडबडीत फर्मकडून दोन वर्षांत 20 लाख डॉलरच्या वर मिळाले हे पण बाहेर आलं. या सगळ्या काळात लॉबिस्ट म्हणून नोंदणी नाही, ती केली 2016 मधे! जॉन बेनर, हाउसचे माजी स्पीकर, ते पण 2016 मधे स्क्वायर पॅटन बॉग्जमधे गेले ते सल्लागार म्हणूनच. त्यामुळे माझा सल्ला असा की जिथे एवढा मोठा नेता एवढ्या मोठ्या फर्ममधे आहे आणि नोंदणीची जागा कोरी आहे तिथे जास्त वेळ थांबा. जो नोंदणी करतो तो बिचारा निदान क्लायंट सांगतोय. सल्लागाराचे क्लायंट तुम्हाला दिसणारच नाहीत, आणि कूलिंग ऑफच्या, म्हणजे पद सोडल्यानंतरच्या त्या बंदीच्या, काळात सुद्धा पडद्यामागून कोणाला भेटायचं काय बोलायचं हे सांगायला बंदी नाही.

अजून एक, फॉर्ममधे ‘सिनेट’ किंवा ‘हाउस’ एवढं लिहिलं की पुरतं, कुठल्या सिनेटरला भेटले ते लिहायचं बंधन नाही. अरे मग उरलं काय. आणि पैशाचा आकडा पण विषयावार फोडलेला नसतो, सगळा एकत्र. यावरून आपल्याकडे केवढा गोंधळ झाला होता आठवतोय का, डिसेंबर 2012, वॉलमार्टच्या याच फॉर्ममधे भारतात गुंतवणुकीला मार्केट उघडणं हा एक विषय होता, आणि 2008 पासूनचा एकूण आकडा अडीच कोटी डॉलर म्हणजे तेव्हाचे सव्वाशे कोटी रुपये. संसद ठप्प, नंतर चौकशीसाठी निवृत्त न्यायमूर्ती मुद्गल यांची समिती. पण तो आकडा अमेरिकेतल्या लॉबिंगचा आणि कंपनीच्या सगळ्याच विषयांचा मिळून होता, त्यातले भारतासाठी किती ते फॉर्मवरून कळूच शकत नाही. साइट वापरताना ही चूक सगळ्यात सोपी आहे, स्क्रीनशॉट टाकायच्या आधी विषयांची यादी उघडून बघा.

भारताचं नाव शोधायचं असेल तर त्यांचं फॉरेन लॉबी वॉच बघा, परदेशी सरकारांसाठी काम करणाऱ्यांचा 1938 चा वेगळा कायदा आहे, फारा, त्यातले कागद तिथे येतात. रॉबर्ट ब्लॅकविल 2001 ते 2003 दिल्लीत अमेरिकेचे राजदूत होते, 2004 ला हेली बार्बर यांनी स्थापन केलेल्या फर्ममधे गेले आणि अणुकराराच्या वेळी तीच फर्म भारत सरकारने वॉशिंग्टनमधे नेमलेली होती. हेली बार्बर तेव्हा मिसिसिपीचे गव्हर्नर, टर्म संपल्यावर परत फर्ममधे. इथे मात्र कायदा बरा आहे, कोणाला कधी संपर्क केला ते लिहावं लागतं, म्हणून हे कागद वाचायला जास्त मजा येते.

डेटा उतरवून स्वतःचं काही करायचं असेल तर त्यांचा एपीआय (आपल्या प्रोग्रॅमला साइटवरून थेट डेटा देणारी सोय) 2025 मधे बंद झालाय हे लक्षात ठेवा. नुसतं नाव टाकून बघणाऱ्याला त्याने फरक पडत नाही. मूळ फॉर्म सरकारी साइटवर पण फुकट आहेत, पण तिथे एकेक फाइलिंग सुटं सुटं दिसतं, माणसाची आधीची नोकरी आणि नंतरची नोकरी एका ओळीत लावून मिळत नाही, तेवढ्यासाठी तरी ओपनसीक्रेट्सच. पत्रकार असाल, पॉलिटिकल सायन्सवाले असाल तर लगेच बुकमार्क करा, आणि तिमाही संपली की पुढच्या महिन्याच्या 20 तारखेपर्यंत फॉर्म भरायची मुदत असते, त्यानंतर जाऊन बघा.